निजामांचे तसबीरकार : राजा दीनदयाळ

स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या दरबारी डिएगो वेलास्केथ नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. सेव्हिल शहरी १५९९ साली जन्मलेला हा पुरुष वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे १६२३ मध्ये, माद्रिदच्या राजवाड्यात चाकरीस लागला आणि १६६० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच चाकरीत राहिला. त्याच्या हुद्द्याला स्पॅनिश भाषेत ‘पिंतोर दे कामारा’ असे म्हणत. कामारा म्हणजे दालन; राजाच्या खासगी दालनात ज्याला मुक्त प्रवेश आहे असा चित्रकार, हा त्या हुद्द्याचा अर्थ. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आला आणि त्याचा ‘कमरा’ झाला. त्याच लॅटिन मुळापासून, अंधारी खोली या अर्थाच्या शब्दातून, ‘कॅमेरा’ हे नाव निघाले. शब्दांचे हे नाते सांगण्यास कारण आहे. ज्या गृहस्थांविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे, त्यांनाही एका राजाच्या दालनात असाच प्रवेश होता. त्यांच्या हाती कुंचल्याच्या ठिकाणी कॅमेरा होता, आणि त्यांचे चित्रगृह होते आपल्या सिकंदराबादेत. त्यांचे नाव राजा दीनदयाळ.

परंतु आधी वेलास्केथची हकीकत थोडी पुढे नेली पाहिजे. राजाचा हा लाडका चित्रकार. तरी त्याचा रोजचा शिधा व भत्ता राजवाड्यातील न्हाव्यांच्या बरोबरीने धरलेला असे. त्याला आपल्या कलेसाठी मान हवा होता. सांतियागोच्या सरदारमंडळात प्रवेश मिळावा, छातीवर तो तांबडा क्रूस मिरवावा, ही त्याची उतारवयातील मोठी आकांक्षा होती. आता या मंडळाचा नियम असा की, हातकाम करून किंवा दुकान थाटून पोट भरणाऱ्यास तेथे जागा नाही. राजाने त्याचे नाव सुचविले तेव्हा रीतसर चौकशी झाली. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. त्यांत त्याचे चित्रकार मित्रही होते. त्यांनी सांगितले की, वेलास्केथने कधी दुकान मांडले नाही, चित्रे विकली नाहीत. जे रंगविले ते राजाच्या मर्जीखातर रंगविले. एवढ्यानेही भागले नाही. अखेर रोमहून पोपसाहेबांची विशेष परवानगी आणावी लागली आणि १६५९च्या नोव्हेंबरात त्याला तो क्रूस मिळाला. पुढे वर्षही गेले नाही तोच तो वारला. १६५६ साली काढलेल्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात तो स्वतः कुंचला घेऊन उभा आहे, आणि त्याच्या छातीवर तो क्रूस आहे. चित्र आधीचे, क्रूस नंतरचा. म्हणजे तो मागाहून रंगविलेला, हे उघड आहे.

चित्र काढणाऱ्याने आपण दुकानदार नाही हे सिद्ध करावे तेव्हा त्याला मान मिळावा, असा तो काळ. यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी हैदराबादेत काय घडले ते पाहण्याजोगे आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना या गावी, जवाहिऱ्याचा धंदा करणाऱ्या एका जैन कुटुंबात झाला. सरधन्याचे नाव आम्हां कॅथलिक मंडळींना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. तेथे बेगम समरू हिने बांधविलेले मातेचे भव्य मंदिर आहे. उत्तर हिंदुस्थानातील ते मोठे यात्रास्थान असून १९६१ साली त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. बेगम १८३६ मध्ये निवर्तली. तिच्या दरबारी देशी-परदेशी चित्रकार, कारागीर, सैनिक यांची वर्दळ असे. दीनदयाळ जन्मले तेव्हा तो दरबार मोडला होता. पण युरोपी घडणीची ती मोठी वास्तू रोज दृष्टीस पडत असलेल्या गावात हा मुलगा वाढला. तिचा त्याच्या नजरेवर काही संस्कार झाला की काय, हे सांगण्यास आधार नाही, म्हणून तो मुद्दा मी पुढे ओढत नाही.

चित्रकलेचे परंपरागत शिक्षण त्यांना मिळाले नाही. ते रुरकीच्या थॉमसन सिव्हिल एंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि १८६६ मध्ये इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे व खर्चाचे अंदाज करणारे प्रमुख कारकून म्हणून लागले. इमारतीचा उभा छेद, आडवा छेद, प्रमाण, रेषा यांचा रोज सराव. पुढे त्यांनी घेतलेली देवळांची व राजवाड्यांची छायाचित्रे पाहताना हे रुरकीचे शिक्षण पदोपदी आठवते. खांबांची ओळ कोठे सुरू व्हावी, जमिनीचा किती भाग दिसावा, मोजमाप कळावे म्हणून माणूस नेमका कोठे उभा करावा, याचा हिशेब त्यांत चोख असतो. नकाशा काढणाऱ्याचा हात कॅमेऱ्याला लागला की काय होते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

छायाचित्रणास त्यांनी १८७४च्या सुमारास आरंभ केला. इंदूर हे होळकरांचे, म्हणजे मराठी राज्यकर्त्यांचे संस्थान. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या कारकुनाचा छंद पाहिला आणि त्याला उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचीही त्यांच्यावर मर्जी बसली. ज्यांचे नाव आज राजे-निजाम यांच्या संगतीत घेतले जाते, त्या दीनदयाळांचा पहिला आश्रयदाता एक मराठी राजा होता, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी ध्यानी नसते.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे आजच्यासारखा बोटाचा खेळ नव्हता. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे ओतून पसरावयाचे. ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची. ओली आहे तोवर ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच पुन्हा अंधारात नेऊन धुवावयाचे. हे सारे काही मिनिटांत उरकले पाहिजे. उन्हाळ्याच्या दिवसांत द्रावण पाहता पाहता सुकते, धूळ चिकटते, काच तडकते. म्हणून देवळांची चित्रे घेण्यास निघालेल्या छायाचित्रकाराबरोबर काळ्या कापडाचा तंबू, औषधांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाण्याची पिंपे चालत. काचेवरील उलटी प्रतिमा मग अंड्याच्या पांढऱ्या भागाने माखलेल्या कागदावर सूर्यप्रकाशात उमटवावी लागे. १८८०च्या आगेमागे कोरड्या काचा बाजारात आल्या आणि कष्ट पुष्कळ कमी झाले. दीनदयाळांची कारकीर्द या दोन्ही काळांत पसरलेली आहे.

१८८२च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओर्छा, दतिया येथील ऐंशीहून अधिक चित्रांचा त्या दोघांच्या नावे निघालेला संग्रह १८८६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. मजकूर ग्रिफिनसाहेबांचा आहे. पण आज तो संग्रह कोणी उघडतो तो चित्रांसाठी. सरकारी नोकरीचा लौकरच त्यांनी निरोप घेतला. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि याच सुमारास त्यांचे पाय हैदराबादेकडे वळले.

सिकंदराबादेत त्यांनी १८८६ साली चित्रगृह उघडले. राजधानी हैदराबाद सोडून सिकंदराबादच का, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. गावाचा इतिहास पाहिला की उत्तर सापडते. १८०६ मध्ये निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने वसलेली ही छावणी. इंग्रजी पलटणी, अधिकारी, त्यांची कुटुंबे, त्यांचे क्लब आणि प्रार्थनामंदिरे येथे. हुसेनसागर तलावाच्या पलीकडे निजामांचे शहर, अमीर-उमराव आणि त्यांच्या देवड्या. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत आगगाडी आली आणि मुंबईशी दळणवळण सुरू झाले; काचा, कागद, औषधे विलायतेहून मुंबईस उतरत, ती थेट येथवर येऊ लागली. म्हणजे एका बाजूस साहेब गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूस नबाब गिऱ्हाईक आणि दारात आगगाडी. जवाहिऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने ही जागा हेरली यात माझ्या मते नवल नाही.

तेव्हाचे निजाम सहावे, मीर महबूब अली खान. १८६६ मध्ये जन्मलेले आणि १८६९ मध्ये, तीन वर्षांचे होण्यापूर्वीच, गादीवर बसलेले. १८८४च्या फेब्रुवारीत लॉर्ड रिपन यांनी येऊन त्यांना पूर्ण अधिकार दिले, तेव्हा ते अठराव्या वर्षात होते. दीनदयाळ त्यांच्याहून बावीस वर्षांनी वडील. तरुण राजाला शिकारीचा षोक, उत्तम पोशाखाचा षोक आणि ‘आसफ’ या नावाने उर्दू कविता करण्याचा षोक. दाग देहलवींसारखा शायर त्यांचा काव्यगुरू होता. अशा या राजाने आपल्या तसबीरकाराच्या गौरवार्थ एक शेरही रचल्याची प्रसिद्धी आहे.

दीनदयाळांनी या राजाची, त्याच्या दरबाराची, मेजवान्यांची, शिकारींची, लष्करी कवायतींची, फलकनुमा व इतर महालांच्या अंतर्भागांची शेकडो चित्रे घेतली. व्हाइसरॉय आले की दीनदयाळ. युवराज आले की दीनदयाळ. त्यांची कामगिरी पाहून १८९०च्या दशकाच्या मध्यास निजामांनी त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला.

या किताबातील शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. आपण मराठीत ज्याला तसबीर म्हणतो, त्या शब्दाचे अरबी मूळ आणि ‘मुसव्विर’चे मूळ एकच. मुसव्विर म्हणजे तसबीर काढणारा, चित्रकार. फारशी-उर्दू ग्रंथांत जुन्या मोगल व दखनी चित्रकारांना हेच नाव दिलेले आढळते. याच हैदराबादच्या दरबारात अठराव्या शतकात राय व्यंकटाचलम नावाचा चित्रकार होता. त्याची शिकारीची व दरबाराची चित्रे नामांकित आहेत. निजामांनी कॅमेरेवाल्याला त्या परंपरेच्या पंक्तीस बसविले. यंत्राने काढलेले चित्र ही कला की कारागिरी, असा वाद युरोपात पंडित मंडळी घालीत होती; हैदराबादच्या दरबाराने तो एका शब्दात निकालात काढला. आणि ‘जंग’ म्हणजे युद्ध. हा आसफजाही दरबारातील किताबांच्या शिडीवरील एक पायरी. सालारजंगांच्या नावातही तोच आहे. ज्याने आयुष्यात तलवार धरली नाही अशा माणसाला तो मिळाला.

आता वेलास्केथची आठवण करावी. त्याला मान मिळविण्यासाठी आपले दुकान नव्हते असे सिद्ध करावे लागले. दीनदयाळांचे तर उघड दुकान होते. ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ अशी पेढी होती. ज्ञानचंद व धर्मचंद हे दोघे पुत्र तीत काम करीत. सुमारे पन्नास माणसे नोकरीस होती. १८९६ मध्ये मुंबईतही शाखा निघाली. जो पैसे मोजील त्याचे चित्र तेथे निघत असे, मग तो गोरा लेफ्टनंट असो की पारशी व्यापारी. तरीही दरबाराने त्यांना राजा केले. आपल्या संस्थानी दरबारांना मागासलेले म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि पुष्कळ बाबतींत ते योग्यही आहे. परंतु या एका बाबतीत माद्रिदपेक्षा हैदराबाद अधिक शहाणे ठरले, असे मला वाटते. किंवा कदाचित, काळच बदलला होता: १८९७ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनेही या दुकानाला आपल्या नावाची सनद दिली, आणि त्याआधी १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा गौरव झाला होता.

जुने चित्रकार या नव्या यंत्रापुढे उपाशी मेले, असे सरसकट म्हणतात. तेही पुरते खरे नाही. अशा चित्रगृहांत छायाचित्रांवर रंग भरण्यासाठी चित्रकार ठेवीत. कागदावर फिकट छाप उठवावयाची आणि त्यावर जरीचा काठ, मोत्यांचा कंठा, पगडीचा तुरा कुंचल्याने उठवावयाचा. दीनदयाळांहून चारच वर्षांनी लहान असलेले राजा रविवर्मा हे याच काळात बडोद्याच्या महाराजांसाठी तैलचित्रे रंगवीत होते आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून आपली चित्रे घरोघर पोहोचवीत होते. एकाने कुंचला छापखान्यात नेला, दुसऱ्याने कॅमेरा दरबारात नेला. दोघांच्याही नावामागे ‘राजा’ लागले.

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी वेगळे चित्रगृह उघडले. भोवती उंच भिंती, आत एकाही पुरुषास प्रवेश नाही. चित्रे घेणाऱ्याही बाईच. केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे ते सोपविले होते. पडदानशीन घराण्यांतील ज्या स्त्रियांना परपुरुषापुढे चेहरा उघडा करणे अशक्य, त्यांच्यासाठी ही सोय. यात धंद्याची दृष्टी होती हे उघड आहे. अर्धे शहर पडद्याआड असताना अर्धे गिऱ्हाईक का सोडावे? परंतु ज्या घरांत आजीचे रूप नातवंडांना केवळ ऐकून माहीत असे, त्या घरांत तिची तसबीर भिंतीवर नव्हे, तरी पेटीत का होईना, राहू लागली. वेलास्केथने राजकन्या रंगविल्या, त्यांची चित्रे व्हिएन्नाच्या सोयऱ्यांकडे पाठविली गेली. लग्ने जुळविण्यासाठी चेहरा दाखवावा लागे. येथे चेहरा झाकण्याची रीत कायम ठेवून तो टिपण्याची युक्ती निघाली.

आता आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. निजामांच्या राज्यात त्या वेळी मराठवाडा होता. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद ही सारी स्थळे दीनदयाळांच्या कॅमेऱ्यासमोर आली. निजामांच्या मुलखातील दृश्यांचा त्यांचा १८९२चा संग्रह आहे. वेरूळची लेणी त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे आधी आपल्याच एका माणसाने कागदावर उतरविली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९०च्या दशकात पुण्यास चित्रशाळा काढली, तीत गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कलावंत तयार झाला. त्याने वेरूळच्या लेण्यांची काढलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगारामाला मॅलेटने काम दिले, पण ‘राजा’ किताब कोणी दिला नाही. पुण्यातही त्याचे नाव कित्येक पिढ्या कोणास ठाऊक नव्हते. त्याची रेघ आणि दीनदयाळांची काच ही शेजारी ठेवून वेरूळ पाहावे, असा योग आपल्या एखाद्या संग्रहालयाने आणला तर किती बरे होईल.

परंतु मराठवाड्याचे याहून महत्त्वाचे दर्शन दीनदयाळांनी घडविले ते लेण्यांचे नव्हे. १८९९ साली पाऊस गेला. पश्चिम व मध्य हिंदुस्थानभर भयंकर दुष्काळ पडला आणि औरंगाबादेकडचा मुलूख त्यात होरपळून निघाला. निजाम सरकारने मदतीची कामे काढली, आणि या सत्कार्याची चित्रे घेण्याचे काम राजा दीनदयाळ यांच्या पेढीकडे आले. दरबाराची इच्छा काय होती हे स्पष्ट आहे. सरकार किती दयाळू आहे, व्यवस्था किती चोख आहे, हे दिसावे. म्हणून चित्रांत सारे काही रांगेत आहे. मदत घेणारे ओळीने बसविलेले, अधिकारी नीटनेटक्या पोशाखात बाजूस उभे. दरबारी छायाचित्रकाराने दरबाराची आज्ञा पाळली आहे.

पण काच आज्ञा पाळत नाही. ओळीत बसविलेल्या माणसांच्या छातीच्या फासळ्या मोजता येतात. गुडघे मांड्यांहून जाड दिसतात. डोळे कॅमेऱ्याकडे लागलेले आहेत, आणि त्यांत कृतज्ञता नाही, कुतूहलही नाही. ज्या वर्षी हैदराबादेत महालांतील झुंबरांची चित्रे निघत होती, त्याच सुमारास त्याच पेढीच्या काचांवर ही माणसे उमटत होती. मी शाळेत इतिहास शिकवितो. १८९९-१९००चा दुष्काळ पाठ्यपुस्तकात आला तर एका वाक्यात येतो. या चित्रांतील एक जरी मुलांपुढे ठेवले, तरी त्या वाक्याचा अर्थ त्यांना कळेल.

वेलास्केथची थोरवी कशात आहे, याविषयी जाणकार पुष्कळ लिहितात. राजाची चित्रे त्याने उत्तम काढली, पोप दहावे इनोसंट यांचे १६५० मधील चित्र तर अजोड आहे. तरीही माझ्या मनात अधिक घर करून राहिली ती राजवाड्यातील ठेंगू विदूषकांची त्याची चित्रे. दरबारी लोक ज्यांना हसत, त्यांना त्याने राजाइतक्याच गांभीर्याने रंगविले. सेबास्तियान दे मोरा हा जमिनीवर बसून, मुठी आवळून, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो. औरंगाबादच्या दुष्काळग्रस्तांची चित्रे पाहताना मला त्याची आठवण होते. मात्र दोहोंत भेद आहे, आणि तो लपविता येणार नाही. वेलास्केथने त्या माणसाचे मन ओळखून कुंचला चालविला. दीनदयाळांच्या पेढीने केवळ काम पुरे केले असेल. दुसरे असे की, सेबास्तियानचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण राजवाड्याच्या दप्तरात त्याची नोंद होती. हैदराबादच्या सरदारांच्या तसबिरींबरोबर त्यांचे किताब लिहिलेले आहेत. औरंगाबादच्या त्या ओळीत बसलेल्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजामांच्या मुलखात शिकारीस आले. मारलेल्या वाघापाशी कर्झन व लेडी कर्झन उभे आहेत, असे या पेढीचे चित्र जगभर गेले. ते इतके प्रसिद्ध झाले की, हिंदुस्थानातील इंग्रजी अमलाविषयीच्या कितीतरी पुस्तकांत ते हटकून सापडते. मला ते फारसे आवडत नाही. सारे काही त्यात जागच्या जागी आहे, म्हणूनच कदाचित. १९०३च्या दिल्ली दरबाराचीही त्यांनी चित्रे घेतली. तोवर दीनदयाळ साठीच्या घरात आले होते.

त्यानंतर उतार लागला तो झपाट्याने. १९०४ मध्ये पुत्र धर्मचंद वारले. पुढच्याच वर्षी, १९०५च्या जुलैत, राजा दीनदयाळ यांनी देह ठेवला. महबूब अली खानांचे काव्यगुरू दाग हेही त्याच वर्षी हैदराबादेत निवर्तले. राजाची तसबीर घेणारा आणि राजाची कविता सुधारणारा असे दोघे एकाच वर्षी गेले. मुंबईची शाखा चालली नाही. सिकंदराबादचे काम ज्ञानचंदांनी पुढे सांभाळले. पण १९११ मध्ये महबूब अली खान मृत्यू पावले. नव्या निजामांच्या काटकसरी दरबारात त्या जुन्या थाटाला जागा नव्हती. शिवाय हातात मावणारे स्वस्त कॅमेरे आले, आणि तसबिरीसाठी राजाच्या तसबीरकाराकडे जाण्याची गरज राहिली नाही.

काचा मात्र घराण्याने जपल्या. काच ही वस्तू अशी की, पडली तर गेली. ओल धरली तर तिच्यावरील पापुद्रा सुटतो. आणि जुन्या काचा धुऊन, प्रतिमा खरवडून, खिडक्यांना बसविल्याची उदाहरणे जगात इतरत्र पुष्कळ आहेत. दीनदयाळांच्या हजारो काचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या, हा त्यांच्या वंशजांचा उपकारच म्हटला पाहिजे. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतील २८५७ काचा विकत घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

काचेवरील प्रतिमा उलटी असते, हे आपण जाणताच. उजेडासमोर धरली तर पांढरा अंगरखा काळा दिसतो आणि काळी दाढी पांढरी दिसते. निजाम कोणता आणि मागे चवरी घेऊन उभा असलेला हुजऱ्या कोणता, हे कागदावर छाप उठेपर्यंत नवख्या माणसास सांगता येत नाही. त्या दोन हजार आठशे सत्तावन्न काचा आज दिल्लीत आहेत. हुसेनसागराच्या अलीकडच्या ज्या छावणीत, सिकंदराबादच्या उन्हात, त्या प्रथम धुतल्या गेल्या, त्या गावातील मुलांना त्यांचे छाप पाहावयाचे तर आगगाडीने एक रात्र आणि वर बराचसा दिवस प्रवास करावा लागतो.